सतरावा कॉम्प्युटर

(सोलापूर, अक्कलकोट रोडवरची एक टॉवेल फॅक्टरी. डिझाईन रूम. उन्हाळ्यातली दुपार.)

उत्कर्षा : ...ते सगळं राहू द्या, अण्णा. ही निळी वायर खाली लोंबतीये ती कुणी काढली, तेवढं सांगा.

मल्लेश : कुटली?

उत्कर्षा : तुमच्या पायाशी आहे ती. नेटची.

मल्लेश : ती व्हय. ती मीच काढतो की. रोज.

उत्कर्षा : रोज?

मल्लेश : सकाळी आलो की काढायची, च्याला उठलो की लावायची, परत आलो की काढायची. काय झालं? तुझं काय अडलं त्यात?

उत्कर्षा : आठवडाभर मी इंटरनेटवाल्याला शिव्या घालतेय. स्विच बदलला. शिवूला शिडी लावून छताला चढवलं. आणि वायर तुमच्या पायाखाली.

मल्लेश : शिवूनंच सांगितलं की मला, काढा म्हणून.

उत्कर्षा : शिवूनं? आपल्या इलेक्ट्रिशियननं?

मल्लेश : मग कुणी. मी त्याला म्हणलो, म्याडमनी कॉम्प्युटरात त्यो नवा राखणदार प्रोग्राम बसवल्यापास्नं डिझाईन उघडाया लई येळ लागूलालंय, आन् उघडली की मधीच लाल डबा येतंय तोंडावर. त्यो म्हणला, अण्णा, वायर काढा की, गप बसतंय. काढली. बसलं की गप.

उत्कर्षा : आणि परवा तोच शिवू शिडीवरून वाकून मला सांगतोय, म्याडम, वायर एकदम ओके हाय.

मल्लेश : वरची ओकेच असणार की.

उत्कर्षा : हसू नका, अण्णा. मला हसायलासुद्धा त्राण नाही.

मल्लेश : बस की मग जरा. ती खुर्ची घे, हिचा पाय मोडलाय. जेवलीस का?

उत्कर्षा : डबा आहे. उघडला नाही अजून.

मल्लेश : मोहोळास्नं सकाळच्या गाडीनं येतीस, फॅक्टरीतली समदी कॉम्प्युटर तुझ्या एकटीच्या गळ्यात, आन् जेवत न्हाईस. आईला फोन करून सांगू का?

उत्कर्षा : आई रोज सांगतेच. तुम्ही आधी हे ऐका. टॉवेल घेणारा परदेशातला बायर आहे ना, त्यानं नवीन अट घातलीये. आपल्या प्रत्येक कॉम्प्युटरवर हा राखणदार पाहिजे, तो जे जे बघतो त्याची नोंद पाहिजे, आणि ती नोंद क्लाउडवर आपल्या स्वतःच्या जागेत साठवलेली पाहिजे.

मल्लेश : आता कुटं असती मग?

उत्कर्षा : ज्यांचं हे सॉफ्टवेअर आहे त्या कंपनीकडं. पण ते महिनाभर ठेवतात आणि पुसून टाकतात. म्हणून तिथून एक नक्कल सतत आपल्या क्लाउडवर जात राहिली पाहिजे. आपोआप. मला तेवढंच जोडायचं होतं. तेवढंच म्हणून बसले आणि आठवडा गेला. कधी म्हणे किल्ली चुकली, कधी म्हणे परवानगी नाही. जागा मीच घेतलेली, कुलूप माझं, आणि मलाच दारात उभं करून म्हणतंय, परवानगी नाही.

मल्लेश : सरकारी हापिसावानी.

उत्कर्षा : तसंच. तुम्हाला क्लाउड म्हणजे...

मल्लेश : म्हाईत हाय. पोरगं आरोहीचे फोटो तितंच टाकतंय. बारशापास्नं नात माझी क्लाउडवरच हाय. फोनमधी मावंना म्हणं.

उत्कर्षा : तेच ते. तर काल एकदाची नक्कल जायला लागली. सोळा कॉम्प्युटर हिरवे झाले. सतरावा तुमचा. तो फक्त चहाच्या वेळी दिसतो आणि फॅक्टरी सुटताना दिसतो. मी म्हटलं हा कॉम्प्युटर आहे का पाव्हणा?

मल्लेश : एवढंच न्हवं? लावतो की वायर. सरक जरा.

उत्कर्षा : थांबा. लावू नका.

मल्लेश : आँ? आता तर म्हणूलालीस...

उत्कर्षा : लावू नका म्हणतेय ना, अण्णा. बसा. मी वायरीसाठी नाही आले. वायर आत्ता दिसली.

मल्लेश : मग कशाला आलीस?

उत्कर्षा : तुम्हाला वाटतंय, वायर काढली की राखणदार झोपतो. तो झोपत नाही. बघत असतो, लिहून ठेवतो, आणि चहाला तुम्ही वायर लावली की सगळं एकदम पाठवून देतो. तुमच्या स्क्रीनवरचा लाल डबा बंद झाला, माझ्या स्क्रीनवर त्यांचा ढीग लागलाय.

मल्लेश : काय म्हणतंय त्यो?

उत्कर्षा : तुम्ही ज्यात डिझाईन करता तो प्रोग्राम खोट्या परवान्यावर चालतोय म्हणतो.

मल्लेश : खोट्या म्हंजी कसं?

उत्कर्षा : विकत घेतलेला नाही. कुणीतरी त्याचं कुलूप तोडून कॉपी करून दिलाय. चोरीचा आहे.

मल्लेश : चोरीचा.

उत्कर्षा : तुम्हाला नाही म्हणत हो. प्रोग्रामला.

मल्लेश : न्हाय, न्हाय. तसं कसं असंल, पोरी? धाकल्या मालकांनी आणलंय त्ये. दिग्विजयनी. कॉलेज संपवून नुकतंच आले हुते, सुरतेस्नं सीडी आणली. मोठ्या मालकांनी हितं, ह्या टेबलाच्या कोपऱ्यावर नारळ फोडला. कॉम्प्युटरला कुंकू लावलं, मग मला लावलं. म्हणले, मल्लेश, आजपास्नं ग्राफचा कागुद बंद. समद्या फॅक्टरीला पेढे वाटले.

उत्कर्षा : मोठ्या मालकांना कुठलं माहीत असणार.

मल्लेश : म्हंजी चोरीच्या मालावर नारळ फोडला व्हय आमी.

उत्कर्षा : त्या वेळी सगळीकडं तसंच चालायचं. कुणी विचारत नव्हतं.

मल्लेश : आता कोण विचारूलालंय?

उत्कर्षा : बायर. उद्या. तुमचा कॉम्प्युटर मी अजून त्या नकलेत घेतलेला नाही, नुसती एक खूण करायची राहिलीये. खूण केली की हे सगळे लाल डबे क्लाउडवर जाणार, आणि बायरचा माणूस ते वाचणार. प्रत्येकासमोर शेरा लिहावा लागतो. प्रोग्राम कुणी टाकला, आपण काय कारवाई केली.

मल्लेश : आन् चुकलं काय लिहिताना, तर?

उत्कर्षा : चुकायचं नाही. एकदा गेलं की पाच वर्षं कुणालाच पुसता येत नाही, बदलता येत नाही. मलासुद्धा नाही. तीच तर त्यांची मुख्य अट आहे. आज सकाळी मीच ते कुलूप लावलंय.

मल्लेश : लाव मालकांना फोन.

उत्कर्षा : लावतेच. स्पीकरवर ठेवते, मला परत सगळं सांगायची ताकद नाही... हॅलो सर?

दिग्विजय : हां, बोल उत्कर्षा. टेंभुर्णीत थांबलोय, गाडीत डिझेल भरतोय. झालं ना सगळं? मी त्यांना पुण्यातूनच सांगून टाकलंय, उद्या तिकडूनच उघडून बघा, सगळं हिरवं आहे.

उत्कर्षा : सोळा झाले सर. डिझाईन रूम राहिलीये. तिथला प्रोग्राम विनापरवाना आहे, नोंदीत आलंय ते.

दिग्विजय : ...ती सुरतेची सीडी?

उत्कर्षा : हो सर.

दिग्विजय : अरे, अख्ख्या एमआयडीसीत तीच सीडी फिरत होती तेव्हा! बरं, ऐक. वगळ तो कॉम्प्युटर. सोळाच दाखव.

उत्कर्षा : सतरा आहेत असं आपण लिहून दिलंय. तुमची सही आहे. आणि वगळला तर पहिलं तेच विचारतील, मग डिझाईन कशावर करता? त्यांची डिझाईन दुसऱ्याकडं जाऊ नयेत म्हणूनच त्यांनी हे सगळं मागितलंय.

दिग्विजय : मग प्रोग्रामच उडव.

उत्कर्षा : उडवला तरी झालेली नोंद राहतेच. आणि उडवलेलं पण त्यात दिसतं.

दिग्विजय : म्हणजे कशालाच वाव नाही. काय साधन घेतलंय आपण, स्वतःच्याच मानेवर पाय द्यायला! ...अण्णा कुठायत?

मल्लेश : हितंच हाय, मालक.

दिग्विजय : अरे. ऐकताय होय. बरं झालं, बरं झालं. अण्णा, तुमच्यापासून काय लपवायचं. ही ऑर्डर गेली तर मला दुसरी पाळी बंद करावी लागेल. शिलाईतल्या सगळ्या बायका घरी बसतील.

मल्लेश : काशम्मा, गुरम्मा, समद्याच.

दिग्विजय : तेच म्हणतोय. तर असं करू. उत्कर्षा, शेऱ्यात लिही, ऑपरेटरनं स्वतःच्या मनानं प्रोग्राम टाकला, मॅनेजमेंटला कल्पना नव्हती, कळल्याबरोबर त्याला कामावरून काढलं.

उत्कर्षा : सर...

दिग्विजय : कागदावर गं! कागदावर. अण्णा उद्या नेहमीसारखे येतील, पगार चालू राहील, त्याचं मी बघतो. असंही दिवाळीला तुम्ही रिटायर होणारच होता, अण्णा.

मल्लेश : व्हय.

दिग्विजय : आणि कोण बघतंय ते? परदेशातला कुणीतरी एक माणूस. तो तुम्हाला ओळखतसुद्धा नाही.

मल्लेश : न्हाय वळखत.

दिग्विजय : मग? तुमची हरकत नाही ना?

मल्लेश : मोठे मालक असते तर एकदा त्यांना विचारलो असतो.

दिग्विजय : पप्पांनीसुद्धा आधी फॅक्टरीच बघितली असती, अण्णा.

मल्लेश : व्हय. बघितली असती... लिहा मालक. व्हय म्हणतो मी.

दिग्विजय : देवमाणूस आहात तुम्ही. उत्कर्षा, लिही, पाठव, आणि झालं की मला फोन कर. ठेवतो, मागं गाड्या लागल्यात.

उत्कर्षा : ...का हो म्हणालात?

मल्लेश : तू का गप बसलीस?

उत्कर्षा : मला नोकरी आहे, अण्णा.

मल्लेश : मलाबी हाय की. दिवाळीपतूर.

उत्कर्षा : तुम्ही नाही म्हणाला असता तर मीही काहीतरी बोलले असते.

मल्लेश : जीभच तसली झालीया, पोरी. मोठ्या मालकांना व्हय, ह्यांना व्हय, घरी बायकूला व्हय. न्हाय म्हणायचं म्हणलं तर कुटनं सुरू करायचं त्येच ध्यानात येत न्हाय. तवर समोरचं मानूस आभार मानून मोकळं. ...एसीत पाणी गळूलालंय बघ परत. शिवूला सांग.

उत्कर्षा : सांगते.

मल्लेश : आन् नवा प्रोग्राम आणला तर माझी जुनी डिझाईन उघडतील का त्यात?

उत्कर्षा : सगळी नाही उघडणार बहुतेक. प्रयत्न करीन मी.

मल्लेश : बरं. ...पाच वर्सं म्हणलीस न्हवं?

उत्कर्षा : हो.

मल्लेश : मधीच मी मेलो तर? तरीबी न्हाय निघत?

उत्कर्षा : काय बोलताय, अण्णा.

मल्लेश : विचारूलालो नुसतं. मेल्यावर रेशनकार्डातनंबी नाव काढतात की.

उत्कर्षा : नाही निघत.

मल्लेश : म्हंजी आरोही शाळंत जाईल, मोठी हुईल, आन् आज्जा तितं चोर म्हणून बसलेला. तिचे फोटो बी क्लाउडवर, मी बी क्लाउडवर.

उत्कर्षा : ते वेगळं आहे हो. त्या फोटोंचा आणि याचा काही संबंध नाही.

मल्लेश : तुला वेगळं दिसतंय, तू शिकलीयास. मला एकच वाटतंय. असू दे. लिही चल. मी सांगतो तसं लिही, म्हंजी तुझ्या जिवाला लागायचं न्हाय. मल्लेश चिट्याल...

उत्कर्षा : हं.

मल्लेश : डिझाईन मास्टर. मास्टर लिही. ऑपरेटर नगं, ते मागावरच्या पोरांना म्हणतात. मल्लेश चिट्याल, डिझाईन मास्टर, ह्यानं आपल्या मनानं हा प्रोग्राम चोरून... पोरी, चोरून लिहायलाच पायजे का?

उत्कर्षा : विनापरवाना लिहिलं तरी चालतं.

मल्लेश : त्येच लिही. इनापरवाना. जरा बरं वाटतंय कानाला. ...ह्यानं इनापरवाना प्रोग्राम टाकला, मालकाला म्हाईत न्हवतं. आज कळलं. कामावरनं काढलं. लिहिलीस? हात का थांबला?

उत्कर्षा : काही नाही. लिहितेय.

मल्लेश : डोळं पूस. हितं त्या पंख्याची धूळ लई येती, मलाबी हुतंय.

उत्कर्षा : धुळीचं नाही ते.

मल्लेश : म्हाईत हाय. तरी धूळच म्हण.

उत्कर्षा : बरं, धूळ. लिहू द्या मला.

मल्लेश : लई टाईपूलालीस. मी तर एवढं सांगितलो न्हाय.

उत्कर्षा : इंग्लिशमध्ये लांबतं जरा.

मल्लेश : झालं?

उत्कर्षा : झालं. खूणही केली. लावा आता वायर.

मल्लेश : लावली.

उत्कर्षा : ...गेलं.

मल्लेश : एवढ्यात?

उत्कर्षा : एवढ्यात. आठवडाभर अडून बसलं होतं, आज एका दमात गेलं.

मल्लेश : बरं झालं. सुटलो. आता त्यो डबा उघड, आन् मला बी एक घास दे, सकाळपास्नं नुसत्या च्यावर हाय मी.

उत्कर्षा : आधी सरांना फोन लावते. तुम्ही इथंच बसा, अण्णा. उठू नका.

दिग्विजय : हां, गेलं का?

उत्कर्षा : गेलं सर. सतराच्या सतरा हिरवे.

दिग्विजय : शाब्बास! बघ, उगाच ताण घेतलास. शेरा वाचून दाखव एकदा, मला उद्या तेच बोलावं लागणार.

उत्कर्षा : इंग्लिशमध्ये आहे. मराठीत सांगते, अण्णांनाही कळू दे. हा प्रोग्राम फॅक्टरीनं बसवला. मालकांनी आणला होता. डिझाईन मास्टर मल्लेश चिट्याल यांना तो विनापरवाना आहे हे माहीत नव्हतं, त्यांना आज सांगितलं. प्रोग्राम आजपासून बंद. परवान्याचा मागवत आहोत.

दिग्विजय : ...कोण मागवतंय?

उत्कर्षा : तुम्ही, सर. तेवढं तुम्हाला सांगायचं राहिलं होतं.

दिग्विजय : चेष्टा करतेस का?

उत्कर्षा : नाही सर.

दिग्विजय : काढ ते. आत्ताच्या आत्ता काढ.

उत्कर्षा : निघत नाही.

दिग्विजय : निघत नाही म्हणजे? ॲडमिन कोण आहे, तू आहेस ना?

उत्कर्षा : ॲडमिनलासुद्धा काढता येऊ नये अशीच त्यांची अट होती. तुमच्याकडूनच आली होती मला ती मेल.

दिग्विजय : काय करून बसलीस, कळतंय का तुला? ऑर्डर गेली तर त्या बायकांना तू तोंड देणार आहेस?

उत्कर्षा : कळतंय सर. ऑर्डर राहते का जाते, मला खरंच माहीत नाही. कदाचित जाईल. मग शिलाईत जाऊन मी स्वतः सांगीन, माझ्यामुळं गेली म्हणून. मला फार विचार करायचं त्राण नाही आता. तुम्ही सांगितलेलंच लिहायला बसले होते. अण्णा सांगत होते, मी लिहीत होते, आणि कामावरून काढलं म्हणाले तेव्हा बोटं चालेनात. रोज याच टेबलावर त्यांच्यासमोर चहा पिते मी. तुम्हाला माझं नाव कमी करायचं असेल तर करा. फक्त कागदावर एक आणि खरं एक असं करू नका, मला दोन्ही सांभाळायला जमणार नाही.

दिग्विजय : अण्णा.

मल्लेश : हां, मालक.

दिग्विजय : तुम्ही हो म्हणाला होता ना?

मल्लेश : म्हणलो हुतो.

दिग्विजय : मग हे काय?

मल्लेश : मला आत्ताच कळूलालंय, मालक. तुमच्यासंगंच. हिनं मला विचारलं न्हाय.

दिग्विजय : विचारायला नको होतं? तुमचं नाव आहे त्यात!

मल्लेश : विचारलं असतं तर मी परत व्हयच म्हणलो असतो. बरं झालं, न्हाय विचारलं.